मशीनवर झिरो, रस्त्यावर थरथर: मोठी अलॉय बसवल्यावर परत परत येणारा त्रास

आधी लक्षण सांगतो. तुमच्या गाडीचं दुखणं वेगळं असेल तर पुढे वाचण्यात वेळ घालवू नका.

साठपर्यंत गाडी छान. पंचाहत्तर ओलांडलं की स्टेअरिंगला बारीक थरथर सुटते, ऐंशी-पंच्याऐंशीला ती मनगटापर्यंत येते आणि शंभरच्या आसपास पुन्हा कमी होते. बॅलन्सिंग (रिमच्या कडेला छोटी वजनं चिकटवून चाक समतोल करणं) करून आणलं की कधी चार दिवस बरं वाटतं, कधी दुकानातून घरी येईपर्यंतच पहिल्यासारखं. आणि खरा वैताग म्हणजे, पंक्चर काढायला एक चाक उतरवलं तरी त्रास बदलतो. कधी वाढतो, कधी चक्क गायब होतो.

माझी गाडी २०१५ ची डिझायर, व्हीएक्सआय. कंपनीने दिलेली चौदा इंची लोखंडी चाकं, टायर १६५/८० आर१४. ती काढून मी सोळा इंची अलॉय आणि १९५/५५ आर१६ टायर टाकले. का टाकले, तर छान दिसतात म्हणून. मायलेज, ग्रिप वगैरे कारणं मी घरी सांगितली होती, इथे सांगत नाही.

त्यानंतर चार महिन्यांत चार वेळा बॅलन्सिंग झालं. नागपूरबाहेरचा जामठ्यापासून बुटीबोरीपर्यंतचा पट्टा हे माझं परीक्षेचं मैदान. रविवारी सकाळी लवकर निघायचं, ऐंशी धरायचं, स्टेअरिंग सैल पकडायचं आणि पाहायचं. चारही वेळा नापास. तिसऱ्या खेपेला बॅलन्सिंगवाला पोरगा वैतागून म्हणाला, "भाऊ, मशीन झिरो दाखवून राहिली. आतून झिरो, बाहेरून झिरो. आता गाडीतच काही असंल." मी म्हटलं, जुन्या चाकांवर तर काही नव्हतं, आताच काहून थरथरते मग? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा माझ्याकडेही नव्हतं.

तो खोटं बोलत नव्हता. मशीनवरचं झिरो खरंच होतं, आणि या सगळ्या प्रकरणाची मेख तिथेच आहे.

बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक त्याच्या मधल्या भोकात शंकू घालून पकडतात. म्हणजे भोकाचा मध्य हाच चाकाचा मध्य, असं धरून मशीन वजनं सांगते. गाडीवर चाक कशावर बसतं? हबच्या, म्हणजे चाक ज्यावर चढतं त्या फिरणाऱ्या भागाच्या, मधोमध एक गोल ओठ पुढे आलेला असतो. कंपनीच्या चाकाचं भोक त्या ओठावर चपखल बसेल एवढंच असतं. डिझायरला ते ५४.१ मिमी आहे. चाक ओठावर टेकलं की मध्य आपोआप जुळतो, नट फक्त दाबून धरायचं काम करतात.

बाजारातली अलॉय एका गाडीसाठी बनत नाहीत. ४×१०० पीसीडीच्या (चार नट, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर) सगळ्या गाड्यांना चालावीत म्हणून मधलं भोक मोठं ठेवतात, बहुतेकदा ७३.१ मिमी. ५४.१ च्या ओठावर ७३.१ चं भोक म्हणजे चारही बाजूंनी साडेनऊ मिमी मोकळी जागा. आता चाकाला मध्यावर आणायची सगळी जबाबदारी चार नटांच्या उतारांवर. नट नीट, समान, चाक हवेत असताना कसले तर ते बऱ्यापैकी जमवतातही. पण दुकानात काय होतं? चाक स्टडवर, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या बोल्टवर, लटकवतात, एक नट हवेच्या गनने कचकन कसतात, चाक वजनाने खाली झुकलेलं असतं तसंच अडकतं, मग बाकीचे तीन.

किती सरकतं? डोळ्यांना दिसणार नाही इतकं. पण हिशोब करून पहा. टायरसकट चाक साधारण १७ किलोचं. ते ०.३ मिमी जरी मध्यापासून हललं, तरी रिमच्या कडेला पंचवीस ग्रॅमचं वजन उगाच चिकटवल्यासारखा परिणाम होतो. दुकानात आपण पाच-पाच ग्रॅमसाठी शिसं चिकटवत बसतो आणि इकडे पंचवीस ग्रॅम फिटिंगमध्येच घालून मोकळे होतो. दर वेळी चाक उतरवलं की ते नव्या जागी बसतं, म्हणून त्रास कधी कमी, कधी जास्त. बॅलन्सिंगने काही सुधारलेलं नसतं, चाक त्या दिवशी नशिबाने नीट बसलेलं असतं एवढंच.

यावरचा इलाज म्हणजे हबरिंग. बाहेरून ७३.१, आतून ५४.१ अशी साधी कडी, जी मधली मोकळी जागा भरून काढते. अलॉय विकत घेताना माझ्या चाकांनाही ती दिली होती, हे मला चार महिन्यांनी कळलं. घरी अंगणात चाकं उतरवली तेव्हा एका चाकात काळी प्लॅस्टिकची रिंग शाबूत, एकीला उभी चीर गेलेली, एक वितळल्यासारखी लंबगोल झालेली आणि चौथ्या चाकात रिंगच नाही. पंक्चर काढताना निसटून पडली असणार आणि कुणीतरी कचरा समजून झाडून टाकली असणार. प्लॅस्टिकच्या रिंगेला पुढच्या ब्रेकची उष्णता सोसत नाही, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर हबला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. ॲल्युमिनियमची घ्या. मला चारचे बाराशे पडले. चार बॅलन्सिंगला त्याहून जास्त गेले होते.

घेण्याआधी भोक व्हर्नियरने मोजा. ७३.१ असेलच असं नाही, ६७.१ ची रिमही सर्रास मिळते. दुकानदाराच्या "सगळ्याला एकच बसते" वर जाऊ नका. रिंग हाताने दाबून बसली पाहिजे. खुळखुळत असेल तर उपयोग नाही आणि हातोडी मारावी लागत असेल तर माप चुकलंय.

आता बसवायचं कसं. ही पायरी घाईत केली तर रिंगेचे पैसे वाया. हबचा सपाट चेहरा तारेच्या ब्रशने घासा. माझ्या हबवर गंजाचे पापुद्रे होते, आणि चाक अशा पापुद्र्यावर तिरकं बसलं की रिंगही काही करू शकत नाही. चाकाच्या आतल्या चेहऱ्यावर रंगाचे थेंब किंवा जुन्या वजनांचा गोंद राहिला असेल तर तोही खरवडून काढा. ओठावर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. स्टडवर ग्रीस लावू नका, कसताना जोराचा अंदाज चुकतो. चाक जॅकवर, हवेत. चारही नट हाताने फिरवत न्या, निदान पाच-सहा फेरे बोटांनी गेले पाहिजेत. मग समोरासमोरचे, म्हणजे एक वरचा की त्याच्या समोरचा खालचा, असे दोन-तीन टप्प्यांत कसा. शेवटचा जोर गाडी खाली उतरवून, टॉर्कच्या पान्याने. आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकातून घ्या. छोट्या गाड्यांना तो बहुधा ८५ ते ११० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो. गन मारणाऱ्याला नम्रपणे सांगायचं, "दादा, शेवटचं मी करतो." तो हसतो, हसू द्या. पन्नास-शंभर किलोमीटर चालवून नट पुन्हा एकदा तपासा, नवीन अलॉय पहिल्या धावेत थोडी बसते आणि नट ढिले होतात. हळू चालवताना चाकातून टक-टक आवाज आला तर तिथेच थांबा.

नटांबद्दल एक वेगळी गोष्ट. मारुतीच्या स्टडचे आटे एम१२×१.२५ चे आहेत, म्हणजे जाडी १२ मिमी आणि दोन आट्यांत अंतर १.२५ मिमी. होंडा, टोयोटा, ह्युंदाईचे एम१२×१.५. दोन्ही नट पाहायला सारखेच, आणि १.५ चा नट १.२५ च्या स्टडवर सुरुवातीला थोडा जातोही. मग अडकतो, मग गनवाला म्हणतो जरा टाइट आहे, आणि घर्रर्र करून आटे खाऊन टाकतो. बोटांनी पाच-सहा फेरे जाण्याची अट त्यासाठीच. तसंच नटाचा उतार रिमच्या खड्ड्याशी जुळला पाहिजे. बाजारातल्या अलॉयला बहुधा ६० अंशांचा शंकू लागतो, होंडाच्या मूळ नटांची बैठक गोलाईची असते. गोल बैठक शंकूच्या खड्ड्यात एका बारीक रेषेवरच टेकते आणि कितीही कसा, ढिली होते.

रिंगा बसवल्या, साफ केलं, नीट कसलं, त्यानंतर एकदाच बॅलन्सिंग केलं. पाचवं आणि आतापर्यंतचं शेवटचं. बुटीबोरीपर्यंत ऐंशीला, नव्वदला, शंभरला स्टेअरिंग गप्प.

तुमचं एवढ्याने गेलं नाही तर? पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे टाका. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलू नका, त्याच बाजूला पुढे-मागे करा. थरथर स्टेअरिंगमधून सीटखाली गेली तर दोष चाकात किंवा टायरमध्ये आहे. जागा बदलली नाही तर लोअर आर्मचा बुश, टाय रॉड एंड, बेअरिंग यांच्याकडे वळा. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर डिस्क. मोकळ्या रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल करून पाहा, वेग तोच असताना थरथर बंद झाली तर चाकांना दोष देऊ नका, इंजिनाचं माउंटिंग किंवा ड्राइव्ह शाफ्ट पहा. रिम वाकलं आहे का ते कळायला चाक जॅकवर उचला, विटेवर पेन्सिल टेकवून तिचं टोक रिमच्या कडेपासून केसभर अंतरावर ठेवा आणि चाक हाताने फिरवा. अंतर कमी-जास्त होताना स्पष्ट दिसतं. आतली कडही पाहा, मार बहुतेक वेळा तिथेच बसलेला असतो.

रिम वाकायला आपल्या शहरात फार लांब जावं लागत नाही. रस्ते सिमेंटचे झाले हे चांगलंच आहे, पण सिमेंटचा स्लॅब आणि शेजारची डांबराची गल्ली किंवा गट्टूची (पेव्हर ब्लॉकची) पट्टी यांच्यात जी पायरी राहते ती रिमची वैरीण आहे. मूळ टायरची भिंत १३२ मिमी उंच होती, आताची १०७ आहे. तो पंचवीस मिमीचा रबर पायरीचा मार खायचा, आता रिम खातं. वळताना अशा पायरीवर तिरकं चढू नका, थांबून सरळ चढवा. वाकलेली आतली कड थोडी असेल तर जाणकाराकडून सरळ करता येते. चीर गेली असेल तर वेल्डिंग करून देणाऱ्याचं ऐकू नका. शिवमडक्यापासून समृद्धीला लागलात की १२० ची परवानगी आहे, आणि तिथे वेल्डिंगचं रिम चालवणं म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळ आहे.

दुसरं दुखणं, घासणं. हे मला रामटेकला कळलं. मागे सासू-सासरे आणि मेहुणा, डिकीत डबे आणि पाण्याचा कॅन, गडाच्या वळणांवर मागून "खर्रर्र". सासरे म्हणाले, "टायर फुटलं का हो जावईबापू?" फुटलं नव्हतं, मडगार्डच्या आतल्या ओठाला घासत होतं. एकटा चालवताना कधीच घासलं नव्हतं.

इथे दोष ऑफसेटचा, रिमवर जो ईटी म्हणून कोरलेला असतो. हबला टेकणारा रिमचा चेहरा रुंदीच्या मध्यापासून किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे, तो हा आकडा. आकडा कमी तेवढं चाक गाडीबाहेर येतं. हिशोबापुरतं धरा, मूळ रिम ईटी ४५ आणि नवीन ईटी ३५. चाकाची मधली रेषाच १० मिमी बाहेर सरकली. टायर १६५ चा १९५ झाला, म्हणजे दोन्ही बाजूंना १५-१५ मिमी वाढला. बाहेरची कड एकूण २५ मिमी बाहेर, म्हणजे जवळजवळ एक इंच. आतली कड शॉकअपकडे फक्त ५ मिमी. रिकामी गाडी उंच उभी असते तेव्हा हा इंच खपून जातो. पाच माणसं बसली, मागचं सस्पेन्शन दबलं की टायर वर ओठाखाली जाऊ पाहतं आणि ओठ त्याला कापतो.

घासण्याच्या खुणा शोधायच्या तर टायरच्या बाहेरच्या खांद्यावर आणि मडगार्डच्या आत खडूने जाड रेघ मारा, चार माणसं मागे बसवा आणि सोसायटीच्या गतिरोधकावरून सावकाश न्या. खडू जिथे पुसला तिथे घासतं. पुढच्या चाकांना हेच स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून करा, तिथे बहुधा आतलं प्लॅस्टिकचं लायनर घासतं. लायनरचा एखादा क्लिप सुटून लोंबत असेल तर नवा लावला की भागतं. मागच्या ओठाचं तसं नाही.

यावर बाजारात मिळणारा इलाज म्हणजे स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालणं. गाडी दबत नाही हे खरं, पण मागे बसलेल्यांच्या पाठीला विचारा. दुसरा इलाज ओठ हातोडीने वळवून घेणं. रंग तडकतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे गंज धरतो. आत घासतंय म्हणून स्पेसर (हब आणि चाकाच्या मध्ये घालायची चकती) लावला तर चाक आणखी बाहेर येतं, बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि स्टडवर नटाला पकड कमी मिळते. मी काय केलं? मागच्या रिमा त्याच मापाच्या, पण ईटी ४५ च्या शोधून बदलल्या. पैसे गेले. बदलण्याआधी शॉकअपशी बोट आडवं जातंय का पाहिलं, जात होतं.

टायरचं माप ठरवायचा हिशोब फार अवघड नाही, आणि दुकानात जायच्या आधी तो करून गेलात तर बोलणं लवकर संपतं. टायरची रुंदी गुणिले टक्का (१६५/८० मध्ये १६५ रुंदी, ८० टक्का), त्याची दुप्पट, त्यात रिमचे इंच गुणिले २५.४. माझ्या मूळ १६५/८० आर१४ चा व्यास ६१९.६ मिमी. १९५/५५ आर१६ चा ६२०.९. फरक नगण्य, म्हणून स्पीडोमीटर आणि गिअरिंग जवळपास तसंच राहिलं. दुकानदार मला आधी २०५/६० आर१६ गळ्यात मारत होता, "भरीव दिसते भाऊ." त्याचा व्यास ६५२.४. पाच टक्क्यांहून जास्त मोठं, म्हणजे जुन्या चाकांवर मीटर १०० दाखवायचं त्याच आकड्याला गाडी आता पाच टक्के जास्त पळणार, कमानीत घासणार आणि पिकअप मरणार. उलट २०५/४५ आर१६ घेतला तर व्यास ५९०.९, आणि त्याचा लोड इंडेक्स पुष्कळदा ८३, म्हणजे एका टायरवर ४८७ किलो. मूळ टायरचा ८५, म्हणजे ५१५ किलो. मोठं चाक लावून वजन पेलायची ताकद कमी करून घ्यायची, हा कसला व्यवहार? १९५/५५ ला ८७ मिळतो, ५४५ किलो. मूळ आकड्याच्या खाली कधीही जाऊ नका.

रिमचं वजनही करून पाहा, किराणावाल्याच्या काट्यावर चालतं. अलॉय म्हणजे हलकं असा समज आहे, पण स्वस्तातलं सोळा इंची ओतीव रिम चौदा इंची लोखंडी रिमपेक्षा जड निघू शकतं. माझं निघालं. सिग्नलवरून उचलताना ते जाणवतं. घेतानाच रिमवर आयएसआयची खूण आणि आयएस १६१९२ हे मानक शोधा.

हवा. कमी उंचीच्या टायरला कमी हवा अजिबात चालत नाही. तापमान पाच-सहा अंशांनी बदललं की दाब साधारण एक पीएसआय बदलतो. मे महिन्यात सकाळी ३० अंशांत ३३ भरलेली हवा डिसेंबरात १० अंशांच्या सकाळी एकोणतीस-तिसावर आलेली असते, गळती नसतानाही. उन्हात चालवून आल्यावर दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडायची नाही, मोजायची ती सकाळी, गाडी हलण्याआधी. एकाच चाकात परत परत कमी होत असेल तर रिमच्या कडेने आणि वॉल्व्हभोवती साबणाचं पाणी सोडा. कडेला बुडबुडे आले तर रिमचा रंग उडून तिथे पांढरी भुकटी धरलेली असते. टायर उतरवून ती बारीक पॉलिश पेपरने साफ करून बीड सीलर (टायरची कड रिमला टेकते तिथली फट बुजवणारा लेप) लावला की थांबतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत बदल करण्यावर बंधन घालतं, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे, आणि कलम १८२अ खाली मालकाला एकेका बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. सगळ्यात बिनघोर रस्ता म्हणजे आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने जो साइज दिला तोच घेणं. डिझायरच्या झेडएक्सआयला १८५/६५ आर१५ येतो, व्यास ६२१.५. आज पुन्हा करायचं झालं तर मी तेच घेईन, आणि रिमाही कंपनीच्याच, म्हणजे ५४.१ चं भोक आयतंच मिळतं. अलॉय लावली असेल तर विमा नूतनीकरणाच्या वेळी ॲक्सेसरी म्हणून लिहून द्या. नाहीतर अपघातात त्यांचे पैसे मिळत नाहीत.

आणि स्टेपनी. ती जुनीच, चौदा इंची लोखंडी. व्यास जुळतो, त्यामुळे पंक्चरच्या दुकानापर्यंत जायला चालते. पण अलॉयचं नटाचं भोक अरुंद असतं म्हणून पातळ नट देतात, आणि त्यांना गाडीतला पाना बसत नाही, छोटी चावी मध्ये घालावी लागते. ती चावी कुठे आहे ते आत्ताच जाऊन पाहा. माझी मनीषनगरला घरी, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये होती. मी बुटीबोरीच्या पुढे होतो.